आजार एक, गोळ्या दोन

५ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
आजीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर नेहमीसारखंच, मुंगी शाईत पडून कागदावर वाळायला निघाल्यासारखं. नळखात्यात तू नकाशे काढतेस म्हणे. तुझ्या नकाशावरून पाणी कुणाच्या घरी जातं देव जाणे. मी चौथीत शाळा सोडली, पण माझं अक्षर लोकांना लागतं तरी.

इकडे हात बरे आहेत. म्हणजे माझ्या मानाने बरे. सकाळी बोटं उघडेपर्यंत चहा थंड होतो, पण एकदा उघडली की दुपारपर्यंत रफू होतं. परवा एका वकिलाचा कोट आला होता, बाहीला सिगारेटचं भोक. असं बुजवलं की त्याला भोक सापडेना, तर हा माझा कोटच नाही म्हणून माझ्याशीच भांडायला लागला.

आता मुद्द्याचं. सांधेवाल्या डॉक्टरने यंदा फ्लूची लस घ्यायला सांगितलंय. संधिवातवाल्यांना फ्लू झाला तर तो छातीत उतरतो, आणि माझी ती आठवड्यातून एकदाची गोळी अंगाची ताकद दाबून ठेवते, म्हणून मला धोका जास्त. बरं, घेते म्हटलं. तर म्हणतो, लस टोचल्यावर ती गोळी दोन आठवडे घ्यायची नाही, म्हणजे लस नीट लागू पडेल. औषध चालावं म्हणून औषध बंद! मी विचारलं, मग नक्की लागू पडेल ना? तर म्हणाला, बरीचशी पडेल. बरीचशी! मी एखाद्या गिऱ्हाइकाला सांगून बघते, की तुमचं भोक बरंचसं बुजवलंय.

वरच्या मजल्यावरची घड्याळजीण वेगळंच सांगते. लस घेतली की झोपलेला संधिवात उठून बसतो म्हणे, तिच्या चुलतभावाच्या साडूचं तसं झालं. साडूपर्यंत पोचलेली गोष्ट खोटी म्हणायची तरी कशी?

माझं जाऊ दे, मी चिवट आहे. घोर आहे तो तुझ्या मावशीआजीचा. आमच्या आईने दागिने दिले नाहीत, दोघी बहिणींना सांधे दिले. धाकटी तिथे मुलींच्या हॉस्टेलात. त्या पन्नास पोरी शिंकणार, आणि ही रेक्टरबाई एकेकीच्या कपाळावर हात ठेवत फिरणार. फुंकर मारली तर पडेल अशी तब्येत. तिला फ्लू झाला तर ती त्यातून उठायची नाही. तिला काय सांगायचं ते मला आधी कळायला हवं. तू शिकलेली आहेस, तर त्याचा काही उपयोग कर.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला माझ्याकडे जागा नाही.

तुझी आजी


११ ऑक्टोबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

माझ्या नकाशावरचं पाणी योग्य घरी जातं. तुझ्या टोमण्यांसारखंच.

तुझ्या पत्रानंतर मी ऑफिसातल्या डॉक्टरांना गाठलं, चार ठिकाणी वाचलं, आणि खरं सांगते, आधी होते त्यापेक्षा जास्त गोंधळले. मग पुन्हा शांतपणे वाचलं. मला समजलं ते असं. तुमच्या आजारात अंगाचा पहारेकरी बिघडलेला असतो, चोर सोडून घरच्यांनाच काठी मारतो. तुझी गोळी त्याला गुंगीत ठेवते. लस म्हणजे त्याला चोराचा चेहरा दाखवणं. गुंगीत असलेल्याला चेहरा दाखवून काय उपयोग? म्हणून दोन आठवडे गोळी थांबवायची, तीही तुझा आजार सध्या आटोक्यात आहे म्हणून. या टोचायच्या लशीत जिवंत जंतू नसतो, तेव्हा तिच्यामुळे फ्लू होत नाही. संधिवात उठून बसण्याबद्दल म्हणशील, तर बहुतेकांना तसं काही होत नाही. कुणाकुणाचे सांधे थोडे दिवस कुरकुरतात आणि शांत होतात. साडूंचं मला माहीत नाही.

पण आजी, एक गोष्ट नीट वाच. गोळी थांबवायची हे फक्त तुझ्या गोळीचं आहे. मावशीआजी काय घेते मला ठाऊक नाही. सगळ्यांची औषधं वेगळी असतात आणि प्रत्येकाचं गणित वेगळं. तिने लस जरूर घ्यावी, बाकीचं तिच्या डॉक्टरांना विचारावं. तू तिला हुकूम सोडू नकोस. मी तुला ओळखते.

माझा लोभ तर आहेच, तुझ्याकडून टोमणे कमी व्हावेत ही विनंती.

तुझी,
टिटवी


१७ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
ताईचे अ. आ. वि. वि.

मी लस घेतली. सुई कसली, आपली बारीक रफूची असते तशी. दंड एक दिवस दुखला. नर्सला विचारलं, संपलं का? तर ती हसली. आता ऐक. तूही घे. उगीच घाबरत बसू नकोस, लहानपणी गाय आडवी आली की माझ्या पाठीमागे लपायचीस तशी.

आणि घेतल्यावर गोळी बंद ठेव, दोन आठवडे. गोळी चालू असली तर लस लागू पडत नाही, म्हणजे टोचून घेतलेलं फुकट. टिटवीचं पत्र आलंय, ती म्हणते प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरला विचारावं. कशाला? आई एक, आजार एक, सुईही एकच. माझा डॉक्टर चांगला आहे, मोठ्या हॉस्पिटलातला आहे. तुझ्या तिथल्याला विचारलंस तर तो आणखी तिसरं काही सांगेल, आणि मग एक ना धड, भाराभर चिंध्या. चिंध्यांचं काय होतं ते मला विचार. मी सांगते तसं कर, की झालं.

पोरींच्या कपाळावर हात ठेवत फिरू नकोस. ताप बघायला थर्मामीटर असतो.

माझी आठवण ठेव. प्रेम उतू जात असेल तर झाकण लाव.

तुझी ताई


२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून धीर आला. तू काही सांगितलंस की मला निदान ठरवावं लागत नाही. लस मात्र तुझं पत्र यायच्या आधीच घेतली होती, इथल्या डॉक्टरीणबाईंनी दिली. पहिल्यांदा न विचारता काही केलं गं, रागावू नकोस.

पण इथे गंमत झाली आहे. बाई म्हणाल्या, गोळी रोजच्यासारखी चालू ठेवा, मात्र सांध्यांसाठी दर सहा महिन्यांनी देतात ते सलाईन आपण दोन आठवडे पुढे ढकलू. तुझे डॉक्टर म्हणतात गोळी बंद. एकाच आजाराला एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो चाल. मी सकाळभर गोळ्यांची डबी हातात धरून खिडकीशी बसले होते. खाली मुली एकमेकींच्या छत्र्या पळवत होत्या आणि मला काहीच सुचत नव्हतं. शेवटी मनाशी म्हटलं, बाई मला दोन-चार वर्षं ओळखतात, ताई जन्मापासून ओळखते. डबी कपाटात ठेवली. आज चौथा दिवस.

तू मला पाण्यात उतरू नकोस म्हणाली होतीस, तर मी अजून पोहायला शिकलेले नाही. तेव्हा ही पांढरी गोळी काय मोठी!

कालपासून जरा गळून गेल्यासारखं वाटतं आहे. अन्नावर वासना नाही, सकाळी उलटी झाली. जिना चढताना मधेच बसावं लागलं. लशीचं असेल. तुलाही असंच झालं का? कळव, म्हणजे मी घाबरणार नाही.

तुझी माया अशीच माझ्यावर राहो.

तुझी,
धाकटी


३१ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
आजीचे अ. उ. आ. वि. वि.

माझ्या डोक्याचा पार गुंता झालाय. रीळ हातून सुटून पलंगाखाली गडगडत जातं तसं.

गोळी बंद केली, पहिला आठवडा छान गेला. मळमळ नाही, तोंडाला चव आली. दुसऱ्या आठवड्यात बोटं सुजली. सुई धरता येईना, एक फाटका स्वेटर तसाच परत करावा लागला. घड्याळजीण जिना उतरून मुद्दाम बघायला आली, आणि ‘बघ, मी सांगितलं होतं’ हे तिने इतक्या प्रेमाने सांगितलं की मला तिला चहा पाजावासा वाटला, गरम, अंगावर. आता मला सांग, हे लशीने झालं की गोळी नव्हती म्हणून झालं? दोन्ही एकदम केल्यावर कोण चोर ते कसं ओळखायचं?

आणि धाकटीचं पत्र आलंय. तिला उलट्या होतात, जिना चढवत नाही, लस तिला बाधली असं तिला वाटतं. मला तर उलटी झाली नाही. मी तिला त्याच दिवशी कार्ड टाकलं, की नेट धर, आता थोडेच दिवस उरलेत, पुरे कर, मग गोळी सुरू कर. आजार एक, लस एक, माझी बोटं सुजतात आणि तिचं पोट बिघडतं. हे काय गौडबंगाल आहे? तिला मी लस घे म्हणाले ते चुकलं का? तिचं काही बरंवाईट झालं तर त्या घड्याळजिणीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि आईलाही, ती जिथे असेल तिथे.

लगेच लिही. अक्षर कसंही असलं तरी चालेल.

तुझी आजी


५ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: मावशीआजी सुखरूप आहे. मी तिच्या खाटेशेजारी बसून लिहिते आहे, ती झोपली आहे.

परवा पहाटे ती हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पडली. मुलींनी उचलून हॉस्पिटलात आणलं आणि मला फोन केला. रक्तदाब इतका खाली गेला होता की नर्सला आपलं यंत्रच बिघडलं असं वाटलं. तुला फोन केला नाही, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. तुझं पत्रही मला इथेच मिळालं, शेजारणीने पुढे पाठवलं.

आजी, तिची पांढरी गोळी तुझ्या गोळीसारखी नाही. ते स्टेरॉइड आहे. कित्येक वर्षं रोज ते मिळाल्यावर तिच्या अंगाने स्वतःचं तसं द्रव्य करणं जवळजवळ सोडून दिलं आहे. गोळी एकदम बंद झाली, आणि अंगाकडे उभं राहायलाच काही उरलं नाही. सलाईनमधून तेच औषध दिलं, तशी दुपारी ती उठून बसली आणि हॉस्टेलच्या किल्ल्या कुणाकडे आहेत म्हणून विचारायला लागली. लशीचा यात काही संबंध नाही. डॉक्टरीणबाईंनी हे मला दोनदा सांगितलं, मी तुला एकदाच सांगते.

तुझ्या बोटांबद्दलही विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक गोळी थांबल्यामुळे. लशीमुळे थोडं झालं नसेलच असं छातीठोक सांगता येत नाही, पण गोळी सुरू केली की उतरेल. आणि मावशीआजीला लस कितपत लागू पडली? तर तेही नक्की नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या त्या सांध्यांच्या सलाईनचा परिणाम अंगात असताना लस कमीच लागू पडते, तरी थोडी पडली तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. म्हणून तिच्या भोवतीच्यांनी घ्यावी, म्हणजे फ्लू तिच्यापर्यंत येणार नाही. हे ऐकून हॉस्टेलच्या मुलींनी काल खाली रांग लावली. एक धिप्पाड खेळाडू सुई दिसायच्या आधीच आडवी झाली.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, की गोळी बंद करायला हिला सांगितलं कुणी? मी तुझं पत्र घडी करून पिशवीत ठेवलं. मी तुला लिहिलं होतं आजी, नीट वाच म्हणून.

रागावले आहे. माया कमी झालेली नाही, पण दोन्ही एकदम असू शकतं हे तूच शिकवलंस.

तुझी,
टिटवी


९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
ताईचे अ. आ. वि. वि.

टिटवीचं पत्र आलं. ती मला शहाणपण शिकवते. शिकवू दे, पगार त्याचाच घेते.

मी काय वाईट सांगितलं? मला डॉक्टरने सांगितलं तेच तुला सांगितलं, शब्दसुद्धा बदलला नाही. माझ्यावर जे चाललं ते तुझ्यावर चालत नाही हे मला कोणी आधी सांगायचं? टिटवीने सांगितलं होतं म्हणा. पण असं कसं? एकाच पिठाचे दोन गोळे आपण. मी दोन दिवस शिवायला बसते आणि हातात कापड तसंच राहतं. एकदा वाटतं माझी चूक, एकदा वाटतं डॉक्टरांनीच सगळ्यांना एक गोळी का देऊ नये. पांढरी गोळी बंद केली तर माणूस पडतं हे डबीवर लिहायला काय जातं त्यांचं?

ते असो. आता तू हॉस्टेल सोड आणि इकडे ये. तिथे तुझ्याकडे बघणारं कोणी नाही. मागची खोली मी रिकामी केली आहे, कपड्यांचे गठ्ठे बाहेर काढले. तुझ्या गोळ्या मी माझ्या हाताने देईन, डाव्या खणात तुझ्या, उजव्या खणात माझ्या, मग बघू कशी चूक होते ते. टिटवी सुट्टी काढून तुला आणून सोडेल. तिला मी कळवलं आहे. तू फक्त सामान बांध.

वाट बघते. उशीर नको.

तुझी ताई


१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी आता चालेल.

मी येत नाही. टिटवीला तसं कळवलं आहे.

इथे माझ्याकडे बघणारं कोणी नाही, असं तू लिहितेस. मला कॉरिडॉरमधून चौघींनी उचललं, त्यातल्या एकीच्या पायात चप्पल नव्हती. अजून रोज सकाळी कुणीतरी दार वाजवून विचारतं, मावशी, गोळी घेतली का? मी घेतली म्हणते, आणि खरंच घेतलेली असते.

हॉस्पिटलात बाईंनी मला विचारलं, गोळी बंद करायला कुणी सांगितलं? तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, मीच ठरवलं. आणि ते म्हणताना माझ्या मनात आलं, हे खरं असतं तर किती बरं झालं असतं. निदान पडले असते ती स्वतःच्या अकलेने.

तू गोळी बंद कर म्हणालीस, पण मी कुठली गोळी घेते ते विचारलं नाहीस. आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं, ताईला माहीत असेल. तुला सगळं माहीत असतं असं समजून मी साठ वर्षं काढली. तुझा एकटीचा दोष नाही त्यात, मला ते सोपं पडत होतं.

आता पुढचं. बाईंनी सुचवलेली न्यूमोनियाची लस परवा घेतली. दंड दुखतो आहे. सलाईन त्यानंतर दोन आठवड्यांनी. पांढरी गोळी रोज, एक दिवसही चुकवायची नाही. लस लागू पडली की नाही ते मला कधीच कळणार नाही, बाईंनाही नाही, आणि त्याचं मला आता भय वाटत नाही. सुरुवातीला फार गोंधळ होता डोक्यात. अजून आहे, पण आता तो माझा स्वतःचा आहे.

हे तुला विचारत नाही, कळवते आहे.

तुझ्या मायेची मला नेहमीच गरज राहील, ती पाठवत राहा.

तुझी,
धाकटी


२३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
ताईचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. पहिल्यात तुला काय काय म्हटलं होतं ते आता मलाच आठवत नाही, बरंच झालं. दुसरं जरा बरं होतं, पण त्यातही तिसऱ्याच ओळीत तुला सामान बांधायला सांगितलेलं निघालं.

काल डॉक्टरकडे गेले होते. माझी गोळी परत सुरू आहे, सूज उतरते आहे, सुई धरता येते, फक्त काळ्या कापडावर अजून टाका चुकतो. त्याला तुझं सांगितलं, सगळं. तो रागावेल म्हणून तयारीत होते, तर रागावला नाही. एवढंच विचारलं, बहिणीला काय काय औषधं चालू आहेत?

मी बोटांवर मोजायला घेतलं. तुला कुठल्या गल्लीतलं कुत्रं चावलं, तुझा पहिला दात कुणी पाडला, शाळेत तू कुणाची पेन्सिल लपवली होतीस, सगळं सांगता आलं असतं. त्याने विचारलं ते सांगता येईना. मागे रांगेतली माणसं खोकत होती. शेवटी म्हटलं, एक पांढरी असते.

अजूनही मला हे सगळं नीट कळलेलं नाही. माझ्या डॉक्टरने पुन्हा समजावलं, मी मान हलवली, आणि जिन्यापर्यंत पोचेतोवर निम्मं सांडलं. माझी गोळी थांबवायची, तुझी थांबवायची नाही, तुझं सलाईन पुढे ढकलायचं, माझ्याकडे सलाईनच नाही. एका आईच्या दोघी, आणि आपल्या दोघींच्या अंगात दोन वेगळी घरं. असेल बुवा.

मागच्या खोलीत गठ्ठे परत ठेवले. राहायला नाही तर नाही, चार दिवस बघायला येशील तर बाहेर काढीन. स्वेटर घालून बसत जा. हे सांगणं नव्हे, लिहून गेलं, खोडलं तर कागद खराब होतो.

तुझ्या औषधांची नावं मोठ्या अक्षरात लिहून पाठव. मी त्यावर काही बोलणार नाही. आणि जिना आता एका दमात चढता येतो का? रात्री झोप लागते का? मी विचारते आहे. जसं असेल तसं लिही.

तुझीच,
ताई